लीलाधरची दुसरी गंधमुक्ती

सुगंधाबाई फिरके आमच्या ऑफिसात आल्या तेव्हा त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. हे कौतुकाने म्हणत नाही, खरोखरच टेकत नव्हते. त्यांचे यजमान लीलाधर फिरके चांगले ताडमाड. त्यांनी आपली फिरती खुर्ची आपल्या मापाने उंच करून घेतली होती. ते गेले आणि त्यांच्या जागी बाई आल्या, त्या जेमतेम माझ्या खांद्याला लागणाऱ्या. मी पहिल्याच दिवशी म्हणालो, उठा जरा, खुर्ची फिरवून खाली करून देतो. त्या म्हणाल्या, राहू द्या. आणि पाय लोंबकळत ठेवून दिवसभर बसल्या. पुढे कित्येक महिने तशाच बसल्या. संध्याकाळी पायांना मुंग्या यायच्या, मग टेबलाला धरून थोडा वेळ उभ्या राहायच्या आणि पिंप्राळ्याची रिक्षा पकडायला निघायच्या.

आमचा केळी उत्पादकांचा सहकारी संघ. हेड ऑफिस जळगावला, एक शाखा धुळ्याला. रावेर-सावद्याकडची केळी रेल्वेने दिल्लीला लावायची हा धंदा. लीलाधर वॅगनच्या टेबलावर होता. भुसावळच्या रेल्वेवाल्यांना फोन करून वॅगन मिळवायच्या हे त्याचं काम. हे काम तो गोड बोलून, थापा मारून आणि वेळप्रसंगी शिव्या देऊन करायचा. पोळ्याच्या सुमारास मालधक्क्यावर उभ्या उभ्या छातीत कळ आली आणि गेला. दिवाळीनंतर त्याच्या जागी बाईंना घेतलं.

बाईंना ना गोड बोलता येत होतं ना शिव्या देता येत होत्या. त्यांनी वेगळीच रीत काढली. फोन लावायच्या, 'सावद्याले वॅगन पाहिजे' एवढं म्हणायच्या आणि गप्प बसायच्या. समोरचा म्हणायचा, आज शक्य नाही. बाई गप्प. समोरचा कारणं सांगायचा. बाई गप्प. फोन ठेवायच्या मात्र नाहीत. आपण एकटेच बोलतोय हे माणसाला फार वेळ सोसत नाही, मग तो रेल्वेचा बाबू का असेना. शेवटी तो वैतागून म्हणायचा, बरं, उद्या बघतो. बाई म्हणायच्या, 'आज बघा', आणि पुन्हा गप्प. लीलाधरला जेवढ्या वॅगन मिळायच्या त्यापेक्षा त्यांना कमी कधीच मिळाल्या नाहीत.

या नोकरीवर त्यांचं सगळं अवलंबून होतं. माणूस गेल्यानंतर आमच्या खानदेशात गंधमुक्ती करतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी जेवणं होतात, दुखवटा सुटतो, आणि सोयऱ्यांकडून घरच्या कर्त्याच्या डोक्याला पागोटं बांधतात. आता पागोट्याची जागा टॉवेलने घेतली आहे. तो टॉवेल ज्याच्या खांद्यावर पडला तो घरचा कर्ता. लीलाधरला मुलगा नव्हता, एक मुलगी. सावद्याला, त्याच्या गावी, टॉवेल पडला तो धाकट्या भावाच्या खांद्यावर. मग कर्ता या नात्याने त्याने ठरवलं की वहिनी आणि पोरगी पिंप्राळ्याला भाड्याच्या खोलीत राहतील ते नोकरी आहे तोवर. नोकरी सुटली की सावद्याला यायचं, वाड्यातली मागची खोली तयार आहे. बाईंना त्या मागच्या खोलीत जायचं नव्हतं. मुलगी जळगावला नववीत होती आणि तिला सावद्याला नेलं की पुढच्या वर्षी तिचं लग्न लागणार हे बाईंना जितकं ठाऊक होतं तितकंच दिरालाही.

आता माझ्याबद्दल. मी वना, म्हणजे संघाचा संगणक विभाग. हा विभाग म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि मी. माझ्या मागच्या खोलीत सर्व्हर. ऑफिसातली सगळी मशीनं तारेने त्याला जोडलेली. ऑफिसात कोण कोण माणूस आहे, कोणाचा पासवर्ड काय, कोणाला काय उघडायचा हक्क, हे सगळं त्या सर्व्हरच्या पोटात. सकाळी आपल्या मशीनवर नाव आणि पासवर्ड टाकला की सर्व्हर विचार करायचा, ओळखायचा आणि आत घ्यायचा. हजेरीही तिथेच लागायची. सर्व्हरने ओळखलं नाही तर तुम्ही खुर्चीत बसलेले असलात तरी गैरहजर. अशीच एक नक्कल धुळ्याच्या शाखेत, दुसऱ्या एका सर्व्हरमध्ये. जळगावचं काही बिघडलं तर धुळ्याचं असावं, म्हणून ती जोडणी. दोन्ही मशीनं टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांना रोज विचारायची, तुझ्याकडे काय नवीन. पोळ्याच्या थोडं आधी धुळ्याला रस्ता खोदताना ती तार तुटली. धुळ्याला आमचा हिलाल होता. तार तुटल्यावर जळगावहून त्याला कोणी काही विचारेना, म्हणून त्याने ती दुरुस्त करायची घाई केली नाही. मीही त्याला दोन-तीनदा सांगून सोडून दिलं.

आणि मग मे महिना आला. जळगावचा मे म्हणजे काय हे जळगावकरांना सांगायला नको आणि बाहेरच्यांना सांगून पटत नाही. मी सचिवांकडे सर्व्हरसाठी एसी मागितला होता. आमचे सचिव बन्सीलालभाऊ. माणूस सरळ, पण नियम म्हटला की त्याच्यापुढे देवालाही रांगेत उभा करणारा. एसी मंजूर करायला बैठक लागते, बैठकीला माणसं लागतात, आणि लग्नसराईत माणसं मांडवात. तेव्हा बन्सीलालभाऊंनी आपल्या केबिनमधला कूलर स्वतः उचलून सर्व्हरच्या खोलीत नेऊन ठेवला. वाळ्याचा, पाण्याचा कूलर. माणसाला चालतो तर मशीनला का चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मी नको म्हणालो. ते म्हणाले, मी घाम पुसत बसतोय तुझ्या मशीनसाठी आणि तू नको म्हणतोस. मी जेवायला गेलो तेवढ्यात त्यांनी तो अगदी सर्व्हरच्या तोंडाला लावला आणि वर पाणीही भरून ठेवलं. ओली, वाळ्याच्या वासाची हवा सर्व्हर दोन दिवस खात होता. तिसऱ्या दिवशी त्यातून एक बारीक आवाज आला आणि खोलीत वाळ्याबरोबर जळका वास पसरला.

मी शांत होतो. माझ्याकडे टेपा होत्या. रोजची नक्कल टेपवर उतरवून ठेवायची माझी शिस्त होती, आणि टेपा थंड जागी ठेवाव्यात असं पुस्तकात लिहिलेलं होतं. मे महिन्यात जळगावात थंड जागा एकच, आमची केळी पिकवायची खोली. सगळ्या टेपा मी तिथे फळीवर ओळीने लावून ठेवल्या होत्या. पिकवायची खोली थंड असते हे बरोबर, पण तिथे भिंतींना पाणी सुटलेलं असतं हे मला केळीवाल्या संघात राहून सुचलं नाही. टेपा काढल्या तर त्यांवर बुरशी धरलेली, आणि एका डब्यात चक्क मुंग्या. मी तिथेच पोत्यांवर बसून राहिलो.

राहिलं धुळ्याचं मशीन. पुण्याच्या कंपनीचा इंजिनिअर होता, त्याला फोन लावला. त्याने समजावून सांगितलं. धुळ्याचं मशीन बंद करायचं. जळगावला आणायचं. त्यालाच मुख्य करायचं. आणि मग थांबायचं. तिथे तो दोनदा बोलला: थांबायचं. कारण त्या मशीनमध्ये ऑफिस जसं पोळ्याआधी होतं तसं असणार. मधल्या काळात जे गेले त्यांची नावं काढायची, जे आले त्यांची घालायची, सगळं तपासायचं, आणि मगच पुढे चालू म्हणायचं. पुढे चालू म्हटलं की जळलेल्याच्या जागी कंपनी पाठवणार तो नवीन सर्व्हर त्याच्यावरून सगळं उतरवून घेणार, आणि मग जे चुकलं असेल ते दोन्हीकडे चुकणार. थांबलेलं असेपर्यंत माझ्याशिवाय कोणालाही आत येता येणार नाही. मी विचारलं, किती वेळ थांबता येतं? तो म्हणाला, हवं तितकं, मशीनला काही घाई नसते.

हिलालला सांगितलं की मशीन घेऊन सरळ एसटीने ये, मध्ये कुठेही थांबू नको. सकाळी निघालेला हिलाल दिवस कलताना उगवला. मी विचारलं कुठे होतास. तो म्हणाला, "पारोळाले मन्ही बहीण शे, भाऊ. बहीणनं गाव वाटमां, आणि पानी बी नही पेऊ का?" पाणी प्यायला उतरलेला माणूस मांडे जेवून, घटकाभर झोपून आला होता. मशीन मात्र त्याने पोरासारखं मांडीवर घेऊन आणलं होतं, वरून बहिणीने दिलेलं फडकं गुंडाळलेलं, आणि त्याच्या कपाळावर, म्हणजे मशीनच्या, हळदीकुंकू. बहिणीच्या घरी पहिल्यांदाच आलं होतं ना.

मी मशीन जोडलं, मुख्य केलं आणि थांबवलं. पडद्यावर नावं आली. आडनावाप्रमाणे लागलेली, इंग्रजीत. मी खाली येत गेलो आणि फिरके एल. वर थांबलो. लीलाधर अजून आमच्याकडे कामाला होता. खातं चालू, पासवर्ड ठीक, काही तक्रार नाही. त्याच्याखाली बाईंचं नाव असायला हवं होतं, ते नव्हतं.

मला वाटलं, दोन मिनिटांचं काम आहे. एक काढायचं, एक घालायचं. पण मागे बन्सीलालभाऊ उभे होते. त्यांनी चष्मा वर केला, पडद्याजवळ आले आणि मला हात लावायला मनाई केली. त्याला कारण मीच होतो. लीलाधर गेला त्याच दिवशी मी त्याचं नाव जळगावच्या सर्व्हरमधून काढून टाकलं होतं, नियमाप्रमाणे. त्यावर ऑफिसात केवढा गदारोळ झाला. अजून चिता विझली नाही आणि यानं नाव पुसलं, असं बायका-पुरुष सगळे म्हणाले. तेव्हा बन्सीलालभाऊंनी परिपत्रक काढलं: सेवेत असताना माणूस गेल्यास गंधमुक्ती होईपर्यंत त्याचं नाव काढू नये. आता तेच परिपत्रक त्यांना आठवलं.

मी म्हणालो, भाऊ, त्याची गंधमुक्ती झाली, तुम्हीच जेवून आलात सावद्याला. ते म्हणाले, ती आपल्या हिशेबाने झाली, या मशीनच्या हिशेबाने अजून व्हायची आहे. यात माणूस कामावर आहे. आणि तो कामावर आहे तोवर त्याची जागा रिकामी नाही, म्हणून त्या जागेवर दुसरं कोणी घेता येणार नाही. त्यांना मशीनबद्दल काही कळत नव्हतं, पण जे बोलले ते मला तोडता येईना. मी पुन्हा पुन्हा सांगत राहिलो की हे फक्त जुनं चित्र आहे. ते म्हणाले, चित्र असतं तर तू त्यावर ऑफिस चालवणार होतास का?

मग त्यांनी दारावर कागद लावला, प्रक्रिया स्थगित आहे, आणि बाईंना बोलावून सांगितलं की पुढचा निर्णय होईपर्यंत आपण घरी बसावं, कारण आपण सध्या ऑफिसात नाही आहात. बाई त्यांच्यासमोर उभ्या होत्या. त्यांच्या टेबलावरचा फोन वाजत होता, भुसावळचा असणार, पण तो उचलावा की नाही हे कोणाला कळेना.

बातमी सावद्याला पोचायला फोनही लागला नाही. दुसऱ्या दिवशी केळीच्या गाडीबरोबर दिराचा निरोप आला: मागची खोली सारवून ठेवली आहे, आठवड्याभरात न्यायला येतो.

बाई घरी बसल्या नाहीत. रोज यायच्या, खुर्चीत बसायच्या, पाय लोंबकळत. हजेरी लागत नव्हती. फोन घ्यायच्या, वॅगन मिळवायच्या, आणि कागदावर त्या वॅगन कोणी मिळवल्या हे लिहायची जागा मोकळी ठेवायच्या. एकदा दुपारी मागच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, दाखवा. मी पडदा दाखवला आणि म्हटलं, सावकाश बघा, मशीनला घाई नसते. त्यांना इंग्रजी फार येत नव्हतं, पण नाव ओळखलं. बराच वेळ पाहत राहिल्या. खातं चालू आहे म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं, आणि मी सांगितलं की याचा अर्थ एवढाच, की आत्ता लीलाधरने येऊन पासवर्ड टाकला तर मशीन त्याला ओळखेल. बाईंनी मान हलवली. मग विचारलं, काढून टाकलं आणि पुन्हा तेच नाव घातलं तर? मी खरं ते सांगितलं. नाव तेच दिसेल, पण मशीन आतून प्रत्येक माणसाला एक नंबर देतं आणि तो पुन्हा कोणाला देत नाही. त्याच नावाचा दुसरा आला तरी त्याच्या लेखी तो दुसराच माणूस. हे मी उगाच सांगितलं असं मला लगेच वाटलं. बाई म्हणाल्या, "बरोबरच हाये त्याचं." आणि बाहेर गेल्या.

दरम्यान तोतारामनानांनी वेगळाच घोळ घातला. तोतारामनाना पोळ्यानंतर निवृत्त झालेले, म्हणजे मशीनमध्ये ते अजून नोकरीत. कोणीतरी त्यांना हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, आपल्या जुन्या टेबलावर बसले, तिथल्या पोराला उठवलं आणि चहा मागितला. मी म्हटलं, नाना, तुमचं नाव काढायचंय. ते म्हणाले, खुशाल काढ, पण निरोप समारंभ करून काढ, माझ्या पहिल्या निरोपाच्या वेळी लाईट गेले होते आणि फोटो आले नाहीत. बन्सीलालभाऊंनी विचार केला आणि हे म्हणणं रास्त ठरवलं. मशीनच्या हिशेबाने त्यांचा निरोप झालेला नव्हताच. मग शाल आली, नारळ आला, तीच भाषणं पुन्हा झाली, तोतारामनाना त्याच ठिकाणी पुन्हा रडले, आणि या खेपेला फोटो आले. मी त्यांच्यासमोर त्यांचं नाव काढलं. ते सगळ्यांना नमस्कार करून समाधानाने घरी गेले.

मी कपाळाला हात लावून बसलो होतो. पण बाई तो समारंभ दारात उभ्या राहून शेवटपर्यंत पाहत होत्या. तो संपल्यावर त्या बन्सीलालभाऊंच्या केबिनमध्ये गेल्या, त्यांच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, यांची गंधमुक्ती करा मग. आणि गप्प बसल्या. बन्सीलालभाऊंनी आधी सांगितलं की असं कुठे झालेलं नाही. बाई गप्प. मग सांगितलं की एकाच माणसाची दोनदा करता येत नाही. बाई गप्प. मग स्वतःच्याच तोंडून निघालं की अर्थात मशीनच्या हिशेबाने ही पहिलीच. नंतर त्यांनी घाम पुसला, कूलरही नव्हता केबिनमध्ये, आणि चेअरमनना फोन लावला.

चेअरमन जीवरामआबा कोणाच्या तरी लग्नात मांडवात होते. मागे बँड वाजत होता. बन्सीलालभाऊ ओरडून समजावत होते आणि आबा ओरडून काय काय विचारत होते. शेवटी आबांनी विचारलं की आपली केळी कधी निघणार. हे झालं की, असं उत्तर मिळालं. मग करून टाका, मी येतो, असं आबा म्हणाले. आबा बाईंच्या माहेरच्या भाऊबंदांपैकी, न्हावी गावचे. म्हणजे सोयरेच. त्यांना ते मांडवात बसल्या बसल्या लक्षात आलं, आणि रीत म्हटल्यावर आबा चुकणारे नव्हते.

तर भर दुपारी, सर्व्हरच्या खोलीत, लीलाधर फिरके यांची दुसरी गंधमुक्ती झाली. सगळं ऑफिस आलं. हिलाल धुळ्याला परत गेलाच नव्हता, तोही होता. मशीन आपण आणलं म्हणून तो स्वतःला खांदेकऱ्यांपैकी समजत होता. कोणीतरी लीलाधरचा फोटो आणून पडद्याशेजारी ठेवला. हार घातला तो मोठा होता, तो फोटोवरून ओघळून पडद्यावर आला आणि अर्धी नावं झाकली गेली. वरण, बट्टी आणि वांग्याची भाजी बाहेर शिजत होती. दीरही आला होता, बाईंना न्यायला. जीप खाली उभी होती. गंधमुक्ती चालली आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला, पण आपल्याच भावाची गंधमुक्ती चालू असताना निघून तरी कसं जायचं, म्हणून तो डोकं झाकून पुढे येऊन बसला.

बन्सीलालभाऊंनी दोन मिनिटं शांतता पाळायला लावली. त्या शांततेत मशीनचा पंखा तेवढा ऐकू येत होता. मग जीवरामआबा उठले. त्यांच्या हातात नवा टॉवेल होता, पांढरा, काठाला लाल पट्टा. ते आले आणि थबकले. सवयीने ते दिराकडे वळले. दीर सवयीने किंचित पुढे झुकला. मला तेव्हा पहिल्यांदा समजलं की बाईंनी हे सगळं कशासाठी मागून घेतलं होतं.

बाई उठल्या आणि आबांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "सावद्याले टॉवेल यांच्या खांद्यावर पडला तव्हा मी चुलीपाशी होती. मले कोनी बलावलं नाही. आता मी अठी हाये."

आणि गप्प बसल्या.

आबा बघत राहिले. दिराने घसा खाकरला आणि म्हणाला की बाईच्या खांद्यावर कधी टाकतात का. बाई गप्प. तो म्हणाला की एकदा झालेलं बदलत नसतं. बाई त्याच्याकडे बघतही नव्हत्या, त्या आबांच्या हातातल्या टॉवेलकडे बघत होत्या. तो आणखी काही तरी म्हणाला, मग आवाज खाली आला, मग थांबला. आबांनी बन्सीलालभाऊंकडे पाहिलं, नियमाचा माणूस काही तरी सांगेल म्हणून. बन्सीलालभाऊंनी विचार केला. खरंच केला, कपाळावर आठ्या पडल्या. आणि म्हणाले, मशीनच्या हिशेबाने सावद्याची गंधमुक्ती अजून झालेलीच नाही, तेव्हा टॉवेल अजून कोणाच्याच खांद्यावर पडलेला नाही. मला त्या माणसाचा एवढा राग आला होता इतके दिवस, पण तेव्हा उठून त्याचे पाय धरावेसे वाटले.

आबांनी टॉवेल बाईंच्या खांद्यावर टाकला. पदरावरून. मग हात जोडले. मग सगळ्यांनीच हात जोडले, काय करायचं हे कोणाला ठाऊक नव्हतं म्हणून. हिलाल हळूच म्हणाला, "बठ्ठं बरोबर व्हयनं." सगळं बरोबर झालं म्हणजे. दीर थोडा वेळ बसला आणि जेवायला बाहेर गेला.

आता माझं काम. लीलाधरचं नाव काढायचं आणि बाईंचं घालायचं. मी बोट कळीवर ठेवलं. बाई म्हणाल्या, "माझं आधी घाला." मी म्हटलं, इंजिनिअरने आधी काढायला सांगितलंय. बन्सीलालभाऊही म्हणाले की एका जागेवर दोन माणसं. बाई म्हणाल्या, "चहा पियाइतका वेळ. मशीनले घाई नसते असं तुम्हीच सांगितलं." मी बन्सीलालभाऊंकडे बघितलंच नाही. घातलं. फिरके एल. आणि त्याच्याखाली लगेच फिरके एस. दोघंही कामावर, दोघांची खाती चालू. मी हार बाजूला केला, दोन्ही ओळी दिसाव्यात म्हणून.

चहा आला. बाईंनी तो खुर्ची पडद्यासमोर ओढून तिथेच घेतला, त्यांच्या त्याच खुर्चीत, पाय लोंबकळत. बाकीचे बाहेर बट्टी मोडत होते, कोणी तरी तूप मागत होतं. बाई अगदी हळू चहा पीत होत्या. कप रिकामा झाल्यावरही त्यांनी तो थोडा वेळ धरून ठेवला. मग खाली ठेवला आणि कोणती कळ ते विचारलं. मी दाखवली. मशीनने विचारलं, खरंच काढायचं का. मी मराठीत सांगितलं. त्यांनी कळ दाबली. एक ओळ गेली आणि खालची वर सरकली.

पुढे चालू ही कळही त्यांनीच दाबली. नव्या सर्व्हरचा दिवा लुकलुकायला लागला, तो धुळ्याच्या मशीनवरून माणसं उतरवून घेत होता. बाहेर भुसावळचा फोन वाजायला लागला. बाई उठल्या, टॉवेल खांद्यावर सावरला आणि मला म्हणाल्या, "वनाभाऊ, मी फोन घेते. तवर ही खुर्ची खाली करून द्या."